ट्रॅक्टरचे जादा हायड्रॉलिक व्हॉल्व्ह

ट्रॅक्टरच्या पंपातून येणारे दाबयुक्त तेल बाहेरील अवजाराच्या सिलिंडरकडे किंवा मोटरकडे वळविणाऱ्या व तेथून ते परत टाकीत आणणाऱ्या झडपेस बाह्य हायड्रॉलिक व्हॉल्व्ह असे म्हणतात. कंपन्यांच्या पुस्तिकांत त्यास रिमोट व्हॉल्व्ह किंवा ऑक्झिलरी व्हॉल्व्ह अशी नावे आढळतात. पलटी नांगर उलटणे, ट्रॉली उपडी करणे, लोडर उचलणे, लेझर लेव्हलरचे पाते वरखाली करणे ही कामे या व्हॉल्व्हमुळे बसल्या जागेवरून करता येतात. जुन्या ट्रॅक्टरांवर तो बहुधा नसतो. कित्येक नव्या ट्रॅक्टरांवर एकच असतो. समोर लोडर बसवावयाचा झाल्यास मात्र दोन लागतात, एक भुजांसाठी व एक बादलीसाठी. त्यामुळे जादा व्हॉल्व्ह नंतर बसवून घेण्याची पद्धत जगभर रूढ आहे. हे काम नीट होणे किंवा बिघडणे बव्हंशी एका प्रश्नावर अवलंबून असते: कोणतीही दांडी ओढलेली नसताना तेल कोठे जाते?

पार्श्वभूमी

हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केलेली तीन-बिंदू जोडणी व हायड्रॉलिक लिफ्ट १९३६ च्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर बाजारात आली आणि १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ९एन या ट्रॅक्टरमुळे सर्वत्र पसरली. या लिफ्टचे तेल ट्रॅक्टरच्या पोटातच फिरत असे. ओढून न्यावयाच्या जड अवजारांवर स्वतंत्र सिलिंडर बसवून त्यास लवचीक नळ्यांनी तेल पुरविण्याची सोय १९४० च्या दशकात अमेरिकी ट्रॅक्टरांवर मिळू लागली. महाराष्ट्रात या व्हॉल्व्हची गरज भासली ती मुख्यतः उपड्या होणाऱ्या ट्रॉलीमुळे व काळ्या भारी जमिनीतील पलटी नांगरामुळे.

तेलाचा मार्ग

बहुतेक लहान व मध्यम ट्रॅक्टरांत गिअर पंप असतो. इंजिन चालू असेपर्यंत तो ठरावीक प्रमाणात तेल ढकलतच राहतो. त्यास थांबणे ठाऊक नाही. म्हणून अशा रचनेत व्हॉल्व्हच्या मध्यातून तेलास नेहमी मोकळी वाट ठेवलेली असते. दांडी तटस्थ असताना तेल या वाटेने जवळजवळ दाबाविना टाकीत परत जाते. दांडी ओढली की आतील स्पूल सरकतो, मोकळी वाट बंद होते आणि तेल सिलिंडरकडे वळते. दाब तेव्हाच, आणि भाराच्या मानानेच, चढतो. या रचनेस खुल्या मध्याची पद्धत असे म्हणतात.

बंद मध्याच्या पद्धतीत याच्या उलट घडते. तेथे पंपच आपला प्रवाह कमीजास्त करतो. दाब सदैव तयार असतो, परंतु मागणी नसताना तेल वाहत नाही. जॉन डीअर कंपनीने १९६० मध्ये आणलेल्या ३०१० व ४०१० या ट्रॅक्टरांपासून ही पद्धत शेतीत प्रसिद्ध झाली. खुल्या मध्याचा व्हॉल्व्ह अशा ट्रॅक्टरवर बसविल्यास पंप पूर्ण क्षमतेने अखंड चालत राहतो व तेल तापते. बंद मध्याचा व्हॉल्व्ह गिअर पंपावर बसविल्यास तेलास वाटच उरत नाही आणि इंजिन चालू होताच रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो. म्हणून खरेदीपूर्वी आपला ट्रॅक्टर कोणत्या पद्धतीचा आहे हे पाहणे अगत्याचे ठरते. दुकानात दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह बाहेरून सारखेच दिसतात.

तिसरे तोंड

साध्या व्हॉल्व्हवर पंपाकडून येणारे तोंड ‘पी’ व टाकीकडे जाणारे तोंड ‘टी’ या खुणांनी दाखविलेले असते. ‘ए’ आणि ‘बी’ ही अवजाराची तोंडे होत. जादा व्हॉल्व्ह बहुधा पंप व लिफ्ट यांच्या मधे बसवितात, कारण लिफ्टमधून निघालेले तेल आतल्या आत पेटीत पडते व ते पुढे नेण्यास बाहेर तोंडच नसते. मग नव्या व्हॉल्व्हमधून न वापरलेले तेल लिफ्टपर्यंत पोहोचवावयाचे कसे?

येथे सर्वांत अधिक चूक होते. ‘टी’ तोंडाची नळी सरळ लिफ्टला जोडली जाते. प्रारंभी सर्व सुरळीत चालते. परंतु लिफ्टवर भार येताच तिचा पूर्ण दाब मागे व्हॉल्व्हच्या परतीच्या पोकळीत शिरतो. ही पोकळी व तिची सिले कमी दाबासाठीच बनविलेली असतात. परिणामी सिले फाटतात, क्वचित व्हॉल्व्हचे बीडही तडकते. शिवाय सिलिंडरमधून परत येणाऱ्या तेलाची वाटही कोंडली जाते. ‘व्हॉल्व्ह हलका निघाला’ अशी जी तक्रार ऐकू येते तिचे मूळ पुष्कळदा या जोडणीत असते.

यावर उपाय म्हणजे ‘पॉवर बियाँड’ या नावाने ओळखले जाणारे तिसरे तोंड. व्हॉल्व्हमध्ये एक विशिष्ट बाही बसविली की मधल्या वाटेचे तेल परतीच्या पोकळीपासून वेगळे होते व उच्च दाब सोसणाऱ्या स्वतंत्र तोंडातून लिफ्टकडे जाते. ‘टी’ ची नळी मात्र कोणताही अडसर न ठेवता थेट टाकीत सोडावी लागते. म्हणजे व्हॉल्व्हला अवजाराच्या नळ्या सोडून तीन नळ्या हव्यात. दोनच दिसल्या तर जोडणी पुन्हा तपासावी. अशा जोडणीत नव्या व्हॉल्व्हची दांडी पूर्ण ओढलेली असेपर्यंत लिफ्टला तेल मिळत नाही. हा दोष नसून या रचनेचा स्वभाव आहे. नव्या व्हॉल्व्हमधील रिलीफचा दाब ट्रॅक्टरच्या मूळ रिलीफपेक्षा किंचित कमी ठेवतात. तो वाढवून ताकद मिळविण्याचा मोह पंपास महागात पडतो.

फर्ग्युसन घराण्याचा अपवाद

मॅसी फर्ग्युसन ३५ व १३५ या ट्रॅक्टरांत पंप मागील पेटीत तेलात बुडालेला असून तो पीटीओच्या दांड्यावरून फिरतो. त्याची नियंत्रक झडप तेल बाहेर पडण्याच्या बाजूस नसून तेल आत ओढण्याच्या बाजूस आहे. लिफ्ट स्थिर असताना पंपास तेलच मिळत नाही. त्यामुळे बाहेर कितीही चांगला व्हॉल्व्ह बसविला तरी लिफ्टची दांडी ‘सतत पंपिंग’ च्या खुणेवर नेल्याखेरीज तो निर्जीव राहतो. पीटीओची दांडी तटस्थ असेल तरीही तेच घडते. चेन्नईची टॅफे ही १९६० मध्ये स्थापन झालेली कंपनी भारतात मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर बनविते, त्यामुळे या घराण्याची ओळख येथील कारागिरांस असावी लागते.

ताकद व वेग

जादा व्हॉल्व्हमुळे ट्रॅक्टरची हायड्रॉलिक शक्ती वाढत नाही. असलेल्या तेलास नवी वाट मिळते, इतकेच. सिलिंडरची ताकद दाबावर व दट्ट्याच्या क्षेत्रफळावर, तर त्याचा वेग तेलाच्या प्रवाहावर ठरतो. ६३ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरचे क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर भरते. १५० बार दाबास तो पावणेपाच टन जोराने ढकलतो. ओढताना ३५ मिलिमीटरच्या दांड्याने जागा अडविल्यामुळे हाच जोर सव्वातीन टनांवर येतो. मिनिटास २० लिटर प्रवाह असेल तर असा सिलिंडर ४० सेंटिमीटर बाहेर यावयास पावणेचार सेकंद घेतो आणि इंजिनाचा वेग निम्मा केल्यास दुप्पट वेळ. दोन दांड्या एकाच वेळी ओढल्या तर तेल सामान्यतः हलक्या भाराकडे आधी धावते.

दट्टा टोकास टेकल्यावरही दांडी धरून ठेवली तर ते २० लिटर तेल १७० बार दाबाने रिलीफमधून जात राहते. याचा अर्थ जवळजवळ साडेसात अश्वशक्ती केवळ तेल तापविण्यात खर्च होते.

कामाप्रमाणे प्रकार

ट्रॉली स्वतःच्या वजनाने खाली येते, म्हणून तिला एकेरी क्रियेचा व्हॉल्व्ह पुरतो. पलटी नांगरास दुहेरी क्रियेचा लागतो. जमिनीच्या चढउताराप्रमाणे ज्या अवजाराने आपसूक हलावे त्यासाठी ‘फ्लोट’ स्थिती हवी. हायड्रॉलिक मोटर चालवावयाची असल्यास दांडी खाचेत अडकून राहणारी व तटस्थ स्थितीत दोन्ही तोंडे टाकीशी जोडणारी असावी. अन्यथा फिरती मोटर एकदम अडून सिले निकामी होतात. एका व्हॉल्व्हवर विजेवर चालणारा वाटप-व्हॉल्व्ह बसवून दोन अवजारे चालविण्याचा स्वस्त मार्गही आहे, मात्र दोन्ही एकदम चालत नाहीत.

तेल व जोड

अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, मागील धुरा, तेलातील ब्रेक व हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते. परक्या ट्रॉलीतून आलेली माती त्यामुळे थेट गिअरपर्यंत जाते. १०० मिलिमीटर व्यासाचा, एक मीटर धावेचा सिलिंडर भरावयास पावणेआठ लिटर तेल लागते. तेवढे तेल पेटीतून उणे झाले तर पंप हवा ओढू लागतो. पातळी तपासताना सिलिंडर मिटलेला असावा, नाहीतर वर ओतलेले तेल नंतर श्वासछिद्रातून बाहेर येते.

अर्धा इंची बीएसपी व एनपीटी आटे दोन्ही इंचास १४ च असतात, पण त्यांचे कोन अनुक्रमे ५५ व ६० अंश आहेत. हाताने दोन फेरे बसले म्हणून जोड जुळला असे नव्हे. टेफ्लॉन टेपचे तुकडे स्पूलमध्ये अडकतात, तसेच जस्त चढविलेल्या पाण्याच्या नळीतील पापुद्रेही. अवजाराचे झटपट कपलर आयएसओ ५६७५ या मानकाचे घेतल्यास शेजाऱ्याचे अवजारही जुळते.

धोके

नळीच्या सुईएवढ्या छिद्रातून निघणारी तेलाची चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. प्रारंभी केवळ टोचल्यासारखी खूण दिसते व वेदनाही थोडी असते, परंतु काही तासांत सूज चढते आणि बोट किंवा हात गमावण्याची पाळी येऊ शकते. अशा रुग्णास मलमपट्टी न करता तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते. गळती हाताने चाचपू नये. पुठ्ठा किंवा फळी पुढे धरून शोधावी.

उचललेल्या ट्रॉलीखाली काम करताना लोखंडी टेकू लावणे अनिवार्य आहे, कारण स्पूलभोवती तेल नेहमीच थोडे पाझरते व दांडीला कोणाचा धक्काही लागू शकतो. नळी सोडण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून दांडी दोन्ही दिशांस हलवितात. त्याने अडकलेला दाब उतरतो. सोडून ठेवलेल्या नळीतील तेल उन्हाने प्रसरण पावले तर कपलर पुन्हा बसत नाही. अशा वेळी त्यावर हातोडी न मारता अवजार सावलीत नेऊन नळी थंड होऊ देतात.