पाचवा क्रमांक

उभ्या आयुष्यात माझ्या हातून एकही पकड झालेली नाही. शाळेत हुतूतूच्या तासाला इतरांच्या चपला राखण्याचे काम माझ्याकडे असे. तेव्हा कबड्डीवर लिहिण्याचा अधिकार या मराठीच्या मास्तराला कोणी दिला, असे वाचकांनी विचारले तर मी २०१६ सालच्या पावसाळ्याकडे बोट दाखवीन.

प्रो कबड्डीचा चौथा हंगाम त्या वर्षी २५ जून ते ३१ जुलै असा भर पावसात झाला. मालवणच्या दृष्टीने हा मुहूर्त नामी! जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद; होड्या वर ओढून झाकलेल्या, सिंधुदुर्ग किल्ल्याची ये-जा थांबलेली, आणि दर्यावर जाणारी माणसे घरात बसून कंटाळलेली. आमच्या शेजारी एक तांडेल राहतात. सारी वाडी त्यांना आबा म्हणते. त्यांचा टीव्ही मोठा. रात्री जेवणे आटोपली न आटोपली तोच मी, माझा दहा वर्षांचा मुलगा आणि शेजारपाजारची दहाबारा डोकी आबांच्या ओटीवर हजर. मध्येच वीज जाई. मग उरलेला सामना आम्ही अंधारात तोंडानेच खेळत असू.

संघ आमचा एकच : यू मुंबा. कोकणातल्या घरटी एक तरी माणूस मुंबईला असतो, मग मुंबईचा संघ परका कसा? कर्णधार अनुपकुमार हरियाणाचा, पण त्याला कोणाची हरकत नव्हती. शिवाय या संघाने आम्हांला भलतीच सवय लावून ठेवली होती. २०१४ साली पहिल्या हंगामात अंतिम सामना, तिथे जयपूरकडून हार. २०१५ साली बंगळूरला ३६–३० असे हरवून विजेतेपद. २०१६ च्या आरंभी तिसरा हंगाम झाला, त्यातही अंतिम सामना. पाटण्याने तीन गुणांनी हिरावून नेला. तीन हंगाम, तीन अंतिम सामने! चौथाही आपलाच, असे माझ्या चिरंजीवांनी वहीच्या मागच्या पानावर लिहूनही टाकले होते.

पण त्याआधी लिलाव झाला होता. मोहित छिल्लर आणि सुरेंद्र नाडा ही मुंबईच्या दोन कोपऱ्यांची जोडी बंगळूरला गेली. छिल्लरवर ५३ लाखांची बोली लागली. इराणचा फाझल अत्राचली पाटण्याला गेला. कबड्डीत टाळ्या मिळतात चढाई करणाऱ्याला, पण संघ उभा असतो तो कोपऱ्यांवर. चढाईपटू खोल आला की त्याचा घोटा किंवा मांडी धरायची ती कोपऱ्यातल्याने. आणि त्याने झेप घेतली त्याच क्षणी बाकीच्यांनी तुटून पडायचे. ही वेळ साधणे एका महिन्यात शिकवून येत नाही.

आणि तसेच झाले. संघ एक सामना जिंकावा, पुढचा हरावा. सपाटून हरला असता तर आम्ही चिडून पत्ते तरी खेळलो असतो! पण त्या वेळच्या नियमांप्रमाणे जिंकल्यास पाच गुण, बरोबरीस तीन, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरल्यास एक. हा एक गुण मोठा लबाड. तो माणसाला धड रडू देत नाही. मुलगा रोज पाटीवर बेरीज मांडी, आणि रोज आम्ही ‘अजून शक्य आहे’ असे म्हणत छत्र्या उघडून घरी येत असू.

एके रात्री मी नव्या बचावावर तावातावाने बोललो. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मास्तर, जाळां जुनां आसलां तरी चलता. ओढणारे हात नवे आसले की येळ लागता.” मला वाटले, हे कबड्डीचे बोलणे. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी सांगितले, की आबांचे दोन जुने खलाशी जास्त पैसे देणाऱ्या मोठ्या बोटीवर गेले होते. पंधरा वर्षे बरोबर असलेली माणसे! बोटीचे कर्ज डोक्यावर, आणि १ ऑगस्टला बोट लोटायची ती दोन नवख्या पोरांना घेऊन. ओटीवरच्या त्या गर्दीत हे ठाऊक नव्हते ते मला एकट्यालाच.

मुंबई आठ संघांत पाचवी आली. पहिले चार पुढे जात; चौथी जागा, दैव पाहा, पुण्याने घेतली. विजेतेपद फाझलच्या पाटण्याला. चिरंजीवांनी वहीचे पान फाडले. आबा जाळी दुरुस्त करीत होते. त्यांनी टीव्ही बंद करायला सांगितले, इतकेच.

ऑक्टोबरात अहमदाबादला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात मध्यंतराला इराण पुढे होता. अनुपकुमारच्या भारताने तो ३८–२९ असा जिंकला. आबा त्या रात्री दर्यात होते. सकाळी मुलगा धावत किनाऱ्यावर गेला, पाठोपाठ मी. ती दोन पोरे टोपलीत बांगडे ओतत होती, आणि आबा त्यांच्यावर खेकसत होते.

“आबा, जिंकलो!”

“कोपऱ्यार कोण होते?”

“छिल्लर आणि नाडा, दोघेही संघात होते. अनुपबरोबर.”

आबांनी मान हलवली, टोपलीतले चार बांगडे काढून मुलाच्या हातावर ठेवले, आणि पुन्हा त्या पोरांकडे वळले.