लेकरू पाठीवर, अंथरूण वेगळं

वर्षावासात ग्रंथवाचन संपलं की लोह्याच्या वस्तीतल्या बायका विहारात थोडा वेळ बसतात. यंदा तिथं तान्ह्या लेकराच्या झोपेचा विषय निघाला. दोन महिन्यांची नात मांडीवर घेऊन बसलेल्या आजी आम्हाला म्हणाल्या, "उताणं निजवलं आन् दूध वर आलं, तर गुदमरंल की लेकरू. म्हून मी पालथंच घालते."

ही भीती घरोघर आहे, पण शरीराची रचना नेमकी उलट आहे. लेकरू पाठीवर असतं तेव्हा श्वासाची नळी वर आणि अन्नाची नळी खाली असते. वर आलेलं दूध ते गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं. पालथं घातलं की श्वासनळी खाली येते आणि नाकतोंड वाकळेत रुततं. कुशीवर ठेवलेलं लेकरूही सहज पालथं होतं. म्हणून पहिलं वर्षभर, दिवसा असो की रात्री, निजवायचं ते पाठीवरच. जागं असताना, आपण समोर असू तेव्हा थोडा वेळ पालथं घालावं, मान धरायला त्याचा उपयोग होतो.

एके काळी इंग्लंड आणि न्यूझीलंडमधले डॉक्टरच पालथं झोपवा असं सांगायचे. झोपेत दगावणाऱ्या बाळांचा अभ्यास झाला आणि १९९१ साली दोन्ही देशांत पाठीवर झोपवण्याची मोहीम निघाली. थोड्याच वर्षांत इंग्लंडात असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. धोका सर्वांत जास्त असतो तो दोन ते चार महिन्यांच्या वयात.

आपल्याकडे अशा मरणाला नाव मिळत नाही. 'रात्री दूध पिलं, सकाळी थंड होतं' एवढंच सांगतात आणि बोट आईकडे जातं. अंगाखाली घेतलं असंल, नजर लागली असंल. एका पत्र्याच्या खोलीत पाच-सहा माणसं निजतात, तिथं बाळाला निराळी खोली द्या असं आम्ही सांगणार नाही. त्याची गरजही नाही. लेकरू आईच्या हाताच्या अंतरावर असणंच चांगलं, अंगावर पाजायला सोपं जातं. वेगळं हवं ते फक्त अंथरूण.

इथं खरी अडचण बाजेची आहे. विंचूकाट्याच्या भीतीनं लेकराला बाजेवर घेतात. पण सुतळी सैल झालेल्या बाजेला मधोमध झोळ पडतो आणि लेकरू घरंगळत आईच्या अंगाखाली जातं. बाज ताणून घ्यावी, नाहीतर जमिनीवर घट्ट घडी केलेली वाकळ टाकून सगळ्यांवर मच्छरदाणी लावावी आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचाव्यात. त्यानं डासही अडतात आणि विंचूही. उशी, कापसाचा लोड, बाळाच्या डोक्याभोवती गुंडाळलेलं लुगडं, काहीच नको. न्यूझीलंडच्या माओरी समाजात आई आणि बाळ एकाच अंथरुणावर झोपतात. त्यांनी पातीची विणलेली टोपली काढली. बाळ आईजवळच, पण टोपलीत. आपल्या वस्तीत टोपल्या विणणारे हात कमी नाहीत.

साडीची झोळी दिवसा, डोळ्यासमोर, थोडा वेळ चालेल. तिच्यात लेकराची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो, म्हणून रात्रभर ठेवू नये.

उन्हाळ्यात पत्रा तापतो, तरी कुंची-टोपडं निघत नाही. मानेला घाम आला असेल तर कपडे जास्त झाले समजावं. माळेगावच्या जत्रेच्या थंडीत ऊब हवीच, पण ती आईच्या छातीला उघडं लावून द्यावी. बंद खोलीत बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवणं तर सोडूनच द्या. तिच्या वायूला वास नसतो आणि बाळंतीण व बाळ दोघंही झोपेतच जातात. बिडी घराबाहेर. दारू प्यायलेल्या माणसाशेजारी लेकरू निजवू नये. नवऱ्याला हे तोंडावर सांगणं सोपं नाही, ते सासूनं सांगावं.

आता आईचं. दिवसभर खुरपून आलेली बाई पाजता पाजता बसल्या जागी झोपते, हात सैल पडतो. बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळण्यात देशाचंच हित आहे, असं मांडलं. कायदा १९२९ साली झाला, तो कारखान्यातल्या बायांसाठी. रोजंदारीच्या शेतात आणि उसाच्या फडात तो विसावा अजून पोचलेला नाही. तेव्हा घरातल्या बाकीच्यांनी रात्रीची एक पाळी तरी उचलावी. पाजून झालं की लेकरू उचलून त्याच्या अंथरुणावर ठेवायचं, एवढंच काम.

घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. वजनाबरोबर झोपायची जागाही त्यांना दाखवा. लेकरू दूध ओढत नसेल, अंग थंड किंवा निळसर वाटलं, छाती आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

आजींनी नातीला विहाराच्या सतरंजीवर पाठीवर ठेवलं. मग तोंडावर ऊन येतंय म्हणून पदर टाकायला गेल्या. सुनेनं हळूच तो बाजूला केला आणि लेकराला सावलीत सरकवलं.