शेवंड जिवंत, तर भाव खणखणीत

आपल्या किनाऱ्यावर जाळं पुरुष टाकतात, पण विक्री आणि हिशोब बाईच्या हाती असतो. म्हणून शेवंडीच्या धंद्याबद्दल आज बोलू या.

शेवंड जिवंत पोचली तरच हॉटेलवाले चांगला भाव देतात. मेली की मांस लवकर मऊ पडतं आणि दर उतरतो. जाळ्यातून सोडवताना तिच्या मिशा, पाय ओढू नका. समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. गोड्या पाण्यानं ती मरते. बर्फ वितळला की गोडं पाणीच होतं, म्हणून तो पिशवीत घट्ट बांधून बाजूला ठेवा.

दुसरं, वजन बघा. निर्यातीसाठी सरकारनं २००३ साली किमान वजन ठरवलं. आपल्याकडे चिखलाच्या तळावर मिळणाऱ्या शेवंडीसाठी ते ३०० ग्रॅम आहे. लहान शेवंड आज विकली तर थोडे पैसे. वाढू दिली तर तीच जास्त देते.

तिसरं, पोटाखाली अंडी दिसली तर तिला जिवंतच समुद्रात सोडा. मुंबईच्या समुद्रात ट्रॉलरनी बेसुमार पकडल्यामुळे चपट्या शेवंडीची मासेमारी १९९४ पर्यंत पार बसली. घरात बोलताना हे उदाहरण जरूर सांगा.

आणि एक वही ठेवा. वजन, दर, डिझेल, जाळ्याची दुरुस्ती रोज लिहा. त्यात आपली मजुरीही मांडा. ती धरल्याशिवाय नफा किती, ते कळत नाही.