स्नॉर्केलिंग करताना दम लागला, तर तो फक्त भीतीमुळेच असतो का?

मे महिन्याच्या सुट्टीनंतर डोंबिवलीतले एक चौपन्न वर्षांचे गृहस्थ दवाखान्यात आले. हातात एक्स-रे आणि रुग्णालयातून सोडल्याचा कागद होता. कुटुंबाबरोबर मालवणला गेले असताना त्यांनी स्नॉर्केलिंग केले. पाण्यात उतरून सात-आठ मिनिटे झाली असतील, तोच छाती जड झाली आणि खोकला सुरू झाला. मदतीला असलेला मुलगा म्हणाला, "काका, घाबरू नका, नळीतून सावकाश श्वास घ्या." त्यांनी तसा प्रयत्न केला, पण दम वाढतच गेला. बोटीवर ओढून घेतले तेव्हा तोंडातून गुलाबीसर फेस येत होता. रुग्णालयात ऑक्सिजन दिला, औषधे दिली आणि दोन दिवसांत ते सावरले.

"डॉक्टर, मी घाबरलो होतो एवढंच ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

नाही. त्यांच्या फुप्फुसांत पाणी साचले होते आणि ते समुद्राचे नव्हते, त्यांच्या स्वतःच्या रक्तातले होते. दर सुट्टीत ठाणे, कल्याण, डोंबिवलीतली कित्येक कुटुंबे मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यातल्या ग्रांदे बेटाकडे बोटीने जाऊन स्नॉर्केलिंग करतात. त्यांच्यासाठी ही माहिती.

नळीने श्वास घेताना शरीरात काय घडते?

स्नॉर्केलिंग म्हणजे पाण्यावर पालथे तरंगायचे, मास्कमधून खालचे मासे आणि प्रवाळ पाहायचे आणि तोंडात धरलेल्या नळीने श्वास घ्यायचा. वरवर हे सोपे दिसते, पण शरीरावर एकाच वेळी तीन ताण येतात.

पहिला ताण पाण्याच्या दाबाचा. गळ्यापर्यंत पाण्यात उतरल्यावर पाय आणि पोटातले रक्त छातीकडे ढकलले जाते. हे रक्त सुमारे अर्धा ते पाऊण लिटर असते. पाण्यात उतरल्यावर थोड्याच वेळात लघवीला का लागते, याचे कारणही हेच. छातीत रक्त वाढले की शरीराला वाटते पाणी जास्त झाले आणि मूत्रपिंडे कामाला लागतात.

दुसरा ताण नळीचा. नळीतून हवा ओढायला नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो. सोडलेल्या हवेतली थोडी हवा नळीत राहते आणि तीच पुन्हा आत येते. अरुंद नळी, पाणी अडवणारी झडप, जोरात पोहणे यांनी हा जोर आणखी वाढतो. प्रत्येक श्वासाला छातीत जी ओढ निर्माण होते, ती केशवाहिन्यांतला द्रव फुप्फुसांच्या हवेच्या पिशव्यांमध्ये खेचू शकते.

तिसरा ताण हृदयाचा. रक्तदाब वर्षानुवर्षे जास्त राहिला असेल, तर हृदयाची भिंत जाड आणि ताठर होते. एकदम जास्त आलेले रक्त पुढे ढकलायला तिला जड जाते. मग रक्त मागे फुप्फुसांत तुंबते.

या तिन्हींमुळे फुप्फुसांत पाणी साचण्याला इमर्शन पल्मनरी इडिमा म्हणतात. यात नाकातोंडात समुद्राचे पाणी जावेच लागते असे नाही. पोहता येणाऱ्यालाही हे होऊ शकते. आमच्या या रुग्णाचा इको केला तेव्हा हृदयाची भिंत जाड झालेली दिसली. आदल्या रात्रीच्या कोकणकन्येत झोप झाली नव्हती आणि बोट गाठायच्या घाईत सकाळची रक्तदाबाची गोळी राहून गेली होती.

भीती आणि फुप्फुसातले पाणी यांत फरक कसा ओळखावा?

भीतीने लागलेला दम बहुधा पाण्यात उतरल्याउतरल्या लागतो आणि डोके पाण्याबाहेर काढून, नळी काढून दोन मिनिटे थांबले की ओसरतो. फुप्फुसात पाणी साचत असेल, तर सुरुवात बरी होते आणि काही मिनिटांनी त्रास वाढत जातो. ही लक्षणे लक्षात ठेवा:

- थोड्याशा हालचालीने लागणारा आणि थांबल्यावरही न ओसरणारा दम
- सारखा खोकला, छातीत घरघर
- फेसाळ किंवा गुलाबी थुंकी
- हातापायांतले बळ एकाएकी गेल्यासारखे वाटणे
- छातीत दुखणे, गरगरणे, गोंधळल्यासारखे होणे

खरे तर पाण्यात असताना हा फरक करत बसूच नये. दम लागला की थांबा, नळी तोंडातून काढा, उताणे व्हा, हात वर करून मदत मागा आणि पाण्याबाहेर या. "जरा वेळाने बरे वाटेल" म्हणून पाण्यात राहू नका. बाहेर आल्यावर आडवे न होता बसून राहा, त्याने श्वास सोपा होतो. दहा-पंधरा मिनिटांत पूर्ण आराम पडला नाही, किंवा फेस वा छातीत दुखणे असेल, तर वाट न पाहता रुग्णालयात जा. आराम पडला तरी त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरू नका. एकदा हा त्रास झालेल्यांना तो पुन्हा होऊ शकतो, म्हणून घरी आल्यावर हृदयाची तपासणी करून घ्या.

कोणी जाण्याआधी डॉक्टरांना विचारावे?

डोंबिवली स्टेशनचा पूल एका दमात चढताना तुम्हाला धाप लागत असेल, तर समुद्रात उतरण्याआधी तपासणी हवी. याशिवाय:

- रक्तदाब: औषध घेऊनही तो १६०/१०० किंवा त्याहून वर राहत असेल, तर आधी तो आटोक्यात आणा. सहलीच्या दिवशी गोळी चुकवू नका. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नका.
- हृदयविकार: अलीकडे हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाले असेल, हृदयाची ताकद कमी असेल किंवा ठोके अनियमित पडत असतील, तर तज्ज्ञांच्या परवानगीशिवाय नको.
- दमा: गेल्या दोन दिवसांत पंप वापरावा लागला असेल, तर त्या खेपेला बोटीवरच बसा.
- फिट येणे: पाण्यात आलेली फिट जीवघेणी ठरते. फिटची औषधे चालू असतील तर स्नॉर्केलिंग टाळा.
- मधुमेह: इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर उपाशीपोटी उतरू नका. साखर तपासून घ्या आणि ग्लुकोजची पुडी बोटीवर ठेवा.
- कान: पडद्याला छिद्र, वाहता कान किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर नको.
- गरोदरपण: स्कूबा डायव्हिंग पूर्णपणे वर्ज्य. स्नॉर्केलिंगबद्दल आणि हादरे देणाऱ्या बोटीबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा.

दारू प्यायल्यावर, आदल्या रात्रीची उतरली नसेल तरीही, कोणीच पाण्यात उतरू नये.

बोट लागण्यावर काय करावे?

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा प्रवास छोटा असतो. तरी नांगरून उभी असलेली, डुलणारी बोट पोटाची परीक्षा पाहते. निघण्याआधी तास-दीड तास हलके खा. माशांचे भरगच्च ताट परतल्यावर. बोटीत मध्यभागी बसा, क्षितिजाकडे पाहा, मोबाइल बाजूला ठेवा. आलेपाक चघळल्याने काहींना बरे वाटते.

ज्यांना नेहमी त्रास होतो, त्यांनी प्रोमेथाझीनसारखी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने एक-दोन तास आधी घ्यावी. पण अशा गोळ्यांनी झोप येते. गुंगी असेल तर पाण्यात उतरू नका. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. मास्क आणि नळी लावलेली असताना उलटीची भावना आली, तर लगेच दोन्ही काढा.

समुद्री गुहांमध्ये शिरावे का?

वेंगुर्ला रॉक्स या बेटांवर गुहा आहेत. तिथे पाकोळ्या घरटी करतात. खडकांतल्या घळी आणि गुहा लांबून फार सुंदर दिसतात, पण डॉक्टर म्हणून माझे उत्तर स्पष्ट आहे: बाहेरून पाहा, आत पोहत जाऊ नका.

गुहेचे तोंड अरुंद असल्याने आत शिरलेली लाट उंच होते आणि माणसाला छताकडे व भिंतींकडे फेकते. परतताना तीच लाट बाहेर किंवा खाली ओढते. मोकळ्या पाण्यात जीव वाचवणारे लाइफ जॅकेट गुहेत तुम्हाला छतालाच टेकवू शकते. डोक्याला मार लागून शुद्ध हरपली, तर बोटीवरच्या माणसाला ते दिसतही नाही. खडकांवरची कालवे ब्लेडसारखी कापतात, हे कोकणातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

जखमा, दंश आणि कान

*खरचटणे:* कालवांनी किंवा प्रवाळाने कापले, तर जखम स्वच्छ पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवा. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते डॉक्टरांना सांगा. समुद्राच्या पाण्यातले काही जंतू यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांमध्ये काही तासांत गंभीर संसर्ग करू शकतात. जखमेभोवती लाली झपाट्याने पसरली, फोड आले किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

*जेलीफिश:* चोळू नका. गोडे पाणी, लिंबू, लघवी यांपैकी काहीही लावू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले तंतू चिमट्याने काढा. मग सोसवेल इतक्या गरम, पण न भाजणाऱ्या पाण्यात तो भाग वीस ते चाळीस मिनिटे ठेवा. श्वासाला त्रास, छातीत दुखणे किंवा अंगभर पुरळ आले तर ही तातडीची वेळ समजा.

*कान:* पाण्यावर तरंगताना कानाला त्रास होत नाही. दोन-तीन मीटर खाली बुडी मारली की मात्र कान दुखतो. दुखत असताना आणखी खाली जाऊ नका. सर्दीत बुडी मारू नका. नंतर कानात पाणी राहिले तर मान कलती करून काढा. काडी, इअरबड, गरम तेल काही घालू नका.

पोहणाऱ्या तरुणांसाठी एक महत्त्वाची सूचना. बुडी मारण्याआधी भराभर मोठे श्वास घेऊ नका. त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घेण्याची इच्छा उशिरा होते आणि तोवर ऑक्सिजन संपून पाण्याखालीच शुद्ध हरपते.

बोटीत चढण्याआधी

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांना घेऊन परतणारी बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. पाण्यातला धोका स्नॉर्केलिंगपुरता नसतो. जाताना आणि येताना, बोटीत पाय ठेवल्यापासून उतरेपर्यंत, लाइफ जॅकेट अंगात आणि पट्टे बांधलेले हवेत. मुलांना मुलांच्याच मापाचे हवे. पैसे देण्याआधी विचारा: बोटीत किती माणसे घेणार? एका मदतनिसाकडे किती जण? आम्ही पाण्यात असताना फक्त आमच्याकडे लक्ष ठेवणारा माणूस बोटीवर असेल का? ऑक्सिजन सिलिंडर आहे का? उत्तरे टाळली गेली, तर दुसरी बोट पाहा. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. तेव्हा "गुपचूप नेतो" म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका.

घरच्यांपैकी जोड्या करा आणि जोडीदाराला दर मिनिटाला खूण करून विचारा. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. स्नॉर्केलिंग करणारा तर मुळातच पालथा आणि शांत असतो, त्यामुळे तो मजेत आहे की बेशुद्ध, हे लांबून कळत नाही.

स्नॉर्केलिंगच्या जोडीला स्कूबाही केले असेल, तर चिपीच्या विमानतळावरून परतण्याआधी किमान अठरा तास जाऊ द्या. फक्त स्नॉर्केलिंग केले असेल तर ही अट नाही.

कोणी बुडाले तर

पाण्याबाहेर काढल्यावर हाक मारा, श्वास पाहा. श्वास नसेल तर उताणे झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने दोन श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी तीस वेळा जोरात दाबा. वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली साधारण पाच सेंटिमीटर. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब, मदत येईपर्यंत. दुसऱ्या कोणाला तरी लगेच १०८ वर फोन करायला सांगा. पोट दाबून पाणी काढणे, उलटे लटकवणे, गरगर फिरवणे यांत मोलाची मिनिटे जातात आणि उलटी श्वासनलिकेत जाते.

शुद्धीवर आलेल्या प्रत्येकाला रुग्णालयात न्या, मग तो "मी ठीक आहे" म्हणाला तरी. पुढच्या काही तासांत दम लागू शकतो.

ठाण्यातूनच तयारी करा

सहलीच्या महिनाभर आधी जवळच्या तरणतलावात मास्क आणि नळीने श्वास घ्यायचा सराव करा. उथळ पाण्यात, तळाला पाय टेकतील अशा जागी, नळीत पाणी गेले तर फुंकून बाहेर कसे काढायचे ते शिका. रक्तदाब मोजून घ्या. रात्रीच्या गाडीने पोहोचणार असाल, तर तो दिवस विश्रांतीला ठेवा आणि समुद्र दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर सोडा.

आमचे ते गृहस्थ पुढच्या वर्षी पुन्हा मालवणला गेले. नातवंडे पाण्यात होती, आणि हे बोटीवर लाइफ जॅकेट घालून बसून डोकी मोजत होते. म्हणाले, "डॉक्टर, हे कामही कोणीतरी करायलाच हवं होतं."