तांबटाची फांदी

पुण्यात आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर एक सार्वजनिक बाग आहे. अशा बागांचे एक ठरीव रूप असते. प्रवेशद्वाराशी नियमांचा फलक, मध्ये हिरवळ आणि तिच्यावर न चालण्याची सूचना, कडेने कातरलेली मेंदी, एक कोरडे कारंजे आणि सेवानिवृत्तांसाठी बाके. त्यांपैकी एका बाकावर मी रोज सकाळी बसतो. रविवारी माझ्याबरोबर सात वर्षांची नात असते. तिने खेळावे आणि मी वर्तमानपत्र वाचावे, असा आरंभी आमचा करार होता. तो फार दिवस टिकला नाही.

तिने प्रश्न विचारण्यास सुरुवात केली. तो शेपटी उभारून शीळ घालणारा काळा-पांढरा पक्षी कोणता? मेंदीत लपून एवढ्या मोठ्याने कोण ओरडते? पस्तीस वर्षे मी शाळेत मराठी शिकविले. खग, विहग, द्विज, अंडज असे पक्ष्याचे समानार्थी शब्द किती पिढ्यांकडून पाठ करून घेतले असतील! पण समोरच्या फांदीवरचा विहग कोणता, हे मला सांगता येईना. कावळा, चिमणी, कबुतर, पोपट व साळुंकी येथे माझे ज्ञान संपत होते. शेवटी एक सचित्र पुस्तक आणि एक बेताची दुर्बीण विकत घेतली, आणि आजोबा व नात एकाच इयत्तेत बसली.

काळा-पांढरा शीळ घालणारा तो दयाळ. मेंदीत ओरडणारा तो शिंपी. जिवंत पाने कडेने शिवून तो त्यांत घरटे करतो. पुढे सुतार भेटला, हिवाळ्यात हिरवळीवर शेपटी वरखाली करणारा परीट आला, तारेवरचा कोतवाल तर रोजचाच. आपल्या पूर्वजांनी पक्ष्यांना नावे देताना सगळे गावच झाडावर नेऊन बसविले, हे माझ्यासारख्या भाषाशिक्षकाला साठी उलटल्यावर समजावे, यात भूषण नाही.

काही बाबतीत तर भाषेनेच मला चकविले होते. गाणारी ती कोकिळा, असे मी वर्गात सांगत आलो. वसंतात कुहू-कुहू करणारा तो लाल डोळ्यांचा काळा नर, आणि कोकिळा अंगभर ठिपके असलेली, तपकिरी. नातीने तिला पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती कोकीळच आहे हे मान्य करावयास मीच तयार नव्हतो. कवितेपेक्षा पोरीचे डोळे खरे निघाले.

परंतु आज लिहावयाचे आहे ते तांबटाविषयी. चिमणीहून थोडा मोठा, हिरव्या अंगाचा, कपाळावर आणि गळ्यावर लाल ठिपका व डोळ्यांभोवती पिवळा रंग असलेला हा पक्षी. वड, पिंपळ, उंबर यांची फळे त्याला विशेष प्रिय. उन्हे तापू लागली की दुपारभर त्याचे टुक्-टुक्-टुक् एका लयीत चाललेले असते. कसबा पेठेतील तांबट आळीत आजही तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम चालते. एका शनिवारी नातीला तेथे नेले. हातोडीचा ठोका कानी पडताच ती म्हणाली, "आजोबा, हे काका त्याची नक्कल करतात!" कोणी कोणाचे नाव घेतले याचा क्रम तिने उलटा लावला होता. मी दुरुस्त केला नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत बागेच्या मागील कोपऱ्यातील गुलमोहराच्या एका वाळक्या फांदीत तांबटाने कोरीव काम सुरू केले. फांदी मनगटापेक्षा थोडी जाड. तिच्या खालच्या अंगाला लहान लिंबाएवढे गोल भोक. तांबट घरटे करतो ते असेच, मेलेल्या किंवा कुजू लागलेल्या मऊ लाकडात. ताज्या टणक लाकडावर त्याच्या चोचीचे फारसे चालत नाही. नर-मादी दोघेही आळीपाळीने अंडी उबवितात. एकाने बाहेर यावे, दुसऱ्याने आत जावे, ही बदली पाहण्यात आमचे पाच-सहा रविवार गेले. वर्तमानपत्र घडी न मोडता घरी परत जाऊ लागले.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा फांदी नव्हती. पावसाळ्यापूर्वीची छाटणी झाली होती. तोडलेल्या फांद्यांचा ढीग भिंतीशी रचलेला होता. नातीने त्यातून आमची फांदी शोधून काढली आणि भोकाला डोळा लावला. आत भुशाशिवाय काही नव्हते. पिल्ले वेळेवर उडून गेली होती की नाही, हे सांगण्यास मार्ग नव्हता. मात्र जोडीतील एक पक्षी त्या मोकळ्या जागेशी येऊन शेजारच्या डहाळीवर बसे, उडे आणि पुन्हा येई. ती मुलगी रडली नाही. तिने फक्त विचारले, "तोडणाऱ्यांना दिसलं नाही का?"

हाच प्रश्न मी माळ्यास विचारला. तो सरळ माणूस. म्हणाला, "आजोबा, वाळकी फांदी कुणाच्या डोक्यात पडली तर मला कोण सोडंल?" त्याचे चूक नव्हते. पावसाळ्यात फांद्या कोसळून माणसे दगावतात, हे आपण दरवर्षी वाचतो. पायवाटेवरची किंवा बाकावरची वाळकी फांदी काढलीच पाहिजे. पक्षिप्रेमाच्या नावाखाली त्याला विरोध करणे हा शहाणपणा नव्हे. पण ही फांदी होती कुंपणाआडच्या कोपऱ्यात, जेथे खतासाठी पाचोळा टाकतात. तिच्याखाली बसत होता तो एक बोका.

आपल्या राज्यात १९७५ साली नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा झाला. परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना व्हावी अशी तरतूदही त्यात आहे. कायदा चांगलाच आहे. पण त्याच्या हिशेबात झाड म्हणजे बुंधा. त्या बुंध्यावरच्या ढोल्या कोणी मोजत नाही. वाळके लाकूड हा झाडाचा रोग किंवा बागेचा केर समजला जातो. वस्तुतः तांबट आणि सुतार हे पक्षी जगाच्या घरबांधणीतले कारागीर होत. त्यांनी कोरून सोडून दिलेल्या ढोलीत पुढे दुसरे पक्षी संसार मांडतात. दयाळ आणि साळुंकी यांना ढोली हवी असते, पण स्वतः कोरता येत नाही. एक वाळकी फांदी गेली म्हणजे एक घरटे गेले असे नव्हे, तर भाडेकरूंसह चाळ गेली.

त्यातून वेळेची गफलत अशी की, छाटणीचा हंगाम आणि विणीचा हंगाम हे आपण अचूक एकमेकांवर आणून ठेवले आहेत. तांबटाची वीण मुख्यत्वे फेब्रुवारी ते एप्रिल, दयाळाची मार्चपासून जुलैपर्यंत. कावळा एप्रिलपासून घरटी बांधतो आणि त्याच्या मागावर कोकिळा असतेच. नेमक्या एप्रिल-मे महिन्यांत करवती घेऊन माणसे झाडांवर चढतात. पावसाळा दरवर्षी जूनमध्ये येतो, हे काही ऐन वेळी कळत नाही. मग हीच छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरात का होऊ नये? उन्हाळ्यात धोक्याच्या तेवढ्या फांद्या पाहून काढाव्यात, आणि जेथे खाली माणसाचा वावर नाही तेथे वाळक्या फांदीचा हातभर खुंट राखावा. यास निधी लागत नाही, निविदाही लागत नाही. करवत लावण्यापूर्वी दहा मिनिटे वर पाहणारा माणूस लागतो.

तो माणूस कोठून यावा, याचे उत्तर मला शाळेत दिसते. सलीम अली लहान असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांनी त्यांना ती घेऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथील चिटणीस मिलर्ड यांनी चिमणीचे नाव तर सांगितलेच. शिवाय कपाटे उघडून सोसायटीचा पक्ष्यांचा संग्रह त्या मुलास दाखविला. "मला वेळ नाही" असे ते म्हणाले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता.

सलीम अलींचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर आणि मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर. या दोन तारखांमधील दिवस २०२० पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात. शाळांत त्या निमित्ताने घोषवाक्ये होतात, फेऱ्या निघतात, बक्षिसे वाटली जातात. माझी शिक्षकबंधूंना विनंती एवढीच की, फेरीतील ढोल थोडा वेळ थांबवून मुलांना शाळेच्या आवारातील एका झाडाखाली उभे करावे. महिन्यातून एकदा तेच झाड पाहावे आणि वहीत लिहावे: कोण आले, कोठे बसले, काय खाल्ले, कोठली फांदी वाळली. आपणास नाव ठाऊक नसेल तर तसे मुलांना सांगावे. मी सांगितले, माझी प्रतिष्ठा कमी झाल्याचे नातीच्या तरी ध्यानात आले नाही.

यंदा जानेवारीत माळ्याने मला थांबविले. वरून माणसे येतील तेव्हा कोपऱ्यातल्या गुलमोहराचा एक खुंट ठेवा असे आपण सांगून पाहू, म्हणाला. ऐकतील की नाही, ठाऊक नाही. मग नातीकडे वळून त्याने विचारले, "कुठला ठेवायचा, ताई?" तिने दुर्बीण काढली, झाडाभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि दोन फांद्या दाखविल्या. एक पुरे, असे मी म्हटले.

"दयाळाला नको का?" ती म्हणाली.