बादलीभर गरम पाण्याचा हिशोब

शुक्रवारी, १९ सप्टेंबर २०२५ ला डॉ. हेमा साने गेल्या. सोमवारी, २२ सप्टेंबरला एसी स्वस्त झाला. या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण पुण्यातल्या बऱ्याच मोबाइलांवर त्या एकीखाली एक येऊन पडल्या. वर बुधवार पेठेतल्या वाड्याचा फोटो, जोडलेले हात आणि 'साधी राहणी, उच्च विचारसरणी'. खाली एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याची जाहिरात, दसऱ्याला घरपोच बसवून देण्याच्या वायद्यासकट. पुष्कळांनी दोन्ही मेसेज पुढे पाठवले, आणि त्यात कुणाला काही विसंगत वाटलं नाही.

सानेबाईंची गोष्ट आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. ८५ वर्षांचं आयुष्य, आणि घरात विजेचा दिवा नाही. २०१९ साली एका वृत्तसंस्थेने त्यांच्यावर छोटी बातमी केली आणि तोवर गरवारे कॉलेजच्या विद्यार्थ्यांना, झाडांवरची पुस्तकं वाचणाऱ्यांना ठाऊक असलेल्या बाई एका दिवसात देशाच्या 'वीज न वापरणाऱ्या आजी' झाल्या. वनस्पतिशास्त्रातली पीएचडी, वर्षानुवर्षांचं अध्यापन, हाताने लिहिलेली तीसहून अधिक पुस्तकं, हे सगळं त्या एका विशेषणामागे दिसेनासं झालं.

त्या स्वतः याचं फार अवडंबर माजवत नसत. अन्न, वस्त्र, निवारा या गरजा. वीज नंतर आली, तिच्यावाचून माझं चालतं, एवढंच त्यांचं म्हणणं. वाडा कुत्र्यामांजरांचा, मुंगसाचा आणि पाखरांचा आहे, आपण फक्त राखणीला आहोत, असंही सांगायच्या. लोक वेडं म्हणतात याची त्यांना कल्पना होती आणि त्याची फिकीर नव्हती.

आता अडचणीचा भाग. सौभाग्य योजना २५ सप्टेंबर २०१७ ला जाहीर झाली आणि तिच्यातून पावणेतीन कोटींहून अधिक घरांत पहिल्यांदा वीज पोहोचली. त्या घरांतल्या बायकांना विचारलं तर रॉकेलच्या दिव्याचं कौतुक कुणी करणार नाही. धूर कसा असतो, विहिरीवरून पाणी ओढताना खांदे कसे भरून येतात, हे त्यांना फॉरवर्ड वाचून कळलेलं नाही. सानेबाईंनी निवड केली होती. या बायकांपुढे निवडच नव्हती. म्हणून 'सगळ्यांनी असं राहावं' हा निष्कर्ष काढणं त्या बायकांवर अन्याय आहे, आणि बाईंवरही.

मग त्यांच्या आयुष्यातून घ्यायचं काय? इथे हिशोबाची वही उघडावी लागते.

साध्या राहणीच्या यादीत हमखास पहिल्या पाचांत असणारी सूचना म्हणजे, मोबाइलचा चार्जर भिंतीत लावून ठेवू नका. चांगली सवय आहे, वाद नाही. पण हल्लीचा चार्जर नुसता लटकून राहिला तर वर्षभरात जेमतेम एखादं युनिट खातो. त्याउलट १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापवायला गिझरला अर्धं युनिट लागतं. म्हणजे वर्षभर न चुकता चार्जर काढून ठेवण्याचं सगळं पुण्य दोन बादल्यांत वाहून जातं. त्याच अर्ध्या युनिटात मोबाइल वीसेक वेळा पूर्ण चार्ज होतो, जवळजवळ तीन आठवड्यांची सोय.

अजून एक तुलना अधिक बोलकी आहे. सोसायटीचा पंप तीन हजार लिटर पाणी आठव्या मजल्यावरच्या टाकीत चढवतो, तेव्हा त्याला साधारण तेवढीच वीज लागते, अर्धं युनिट. एका बाजूला अख्ख्या कुटुंबाचं तीन-चार दिवसांचं पाणी, दुसऱ्या बाजूला एका माणसाची अंघोळ. विजेने वस्तू हलवणं, फिरवणं, उजळवणं स्वस्त पडतं. तापवणं आणि गार करणं मात्र महाग. घरातल्या बिलाचं निम्मं गूढ एवढ्यात उलगडतं, आणि ते साध्या राहणीच्या बहुतेक याद्यांत सापडत नाही.

गिझरच्या बाबतीत तर हा व्यवहार मुळातच उफराटा आहे. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या केंद्रात कोळसा जाळून उष्णता करायची, तिने वाफ, वाफेने जनित्र फिरवायचं; या खटाटोपात कोळशातल्या उष्णतेचा साधारण एकतृतीयांश भागच वीज होऊन बाहेर पडतो. ती तारांवरून शेकडो किलोमीटर आणायची आणि न्हाणीघरात तिची पुन्हा उष्णता करायची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार देशात एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गच्चीवरचा सौर बंब हे काम उन्हात बसल्या बसल्या करतो. गंमत म्हणजे जीएसटीच्या याच फेरबदलात सौर बंब १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सायकलही १२ वरून ५ वर आली. पण पानभर जाहिराती आल्या त्या एसीच्या आणि मोटारींच्या. सायकलची पानभर जाहिरात कुणाला दिसली असेल तर त्याने जपून ठेवावी.

एसीचं गणित वेगळं मांडायला नको. दीड टनाचा जुना एसी पूर्ण जोरात असताना तासाला दीडेक युनिट ओढतो. नवा इन्व्हर्टरचा कमी घेतो, तरी रात्रीची सहा-आठ युनिटं सहज जातात. साधा ७५ वॉटचा पंखा आठ तासांत ०.६ युनिट घेतो आणि बीएलडीसी मोटरचा त्याच्याही निम्म्याहून कमी. एका एसीच्या एका रात्रीत दहा साधे पंखे फिरतात. ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं की एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. २०२० पासून नवे एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवर येतात, ते याचसाठी. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी २० अंशांच्या खाली एसी जाऊच नये असा नियम आणण्याचं सूतोवाच केलं, तेव्हा समाजमाध्यमांवर जो गदारोळ झाला, त्यातल्या कितीजणांनी पुढे सप्टेंबरात सानेबाईंना हात जोडले असतील, हा कुतूहलाचा विषय आहे.

आता थोडं स्वयंपाकघरात. कांदा परतून झाला, चिरलेली भाजी कढईत पडली, मीठ घातलं, की बऱ्याच घरांत अजूनही कढईवर नुसतं झाकण जात नाही. खोलगट ताटली जाते आणि तिच्यात वाटीभर पाणी ओततात. दोन मिनिटांत ताटलीच्या कडेने वाफ फुसफुसायला लागते. ताटली उचलली तर तिच्या पोटाला थेंबांची जाळी दिसते आणि ते थेंब टपटप भाजीत पडतात. वरचं पाणी ताटली गार ठेवतं, गार ताटलीला लागून वाफेचं पाणी होतं, ते परत खाली येतं. भाजी करपत नाही, तेल जास्त लागत नाही. रस कमी वाटला तर वरचंच तापलेलं पाणी घालायचं, म्हणजे शिजणं मोडत नाही. हे कुणी 'पर्यावरणासाठी' सुरू केलेलं नाही.

पण त्यामागचं शास्त्र पक्कं आहे. गार पाण्याला उकळी आणायला जितकी उष्णता लागते, तिच्या सातपट उष्णता तेच पाणी वाफ करून उडवायला लागते. उघड्या पातेल्यात डाळ रटरटत ठेवणं म्हणजे ही सातपट उष्णता खिडकीतून बाहेर सोडणं. आणि उकळी आल्यावर आच कितीही मोठी ठेवली तरी पाणी आणखी तापत नाही. पुण्याच्या उंचीवर तर ते ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. मोठ्या आचेने लवकर शिजतं हा समज पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे, ताटलीतलं पाणी मात्र नॉनस्टिक भांड्यांच्या काचेच्या झाकणांनी हद्दपार करत आणलंय. त्या गोल काचेवर पाणी थांबतच नाही.

माठाचंही तसंच. सच्छिद्र मातीतून झिरपलेलं पाणी बाहेर उडतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. शंभरातला एक भाग पाणी उडालं तरी उरलेलं पाच-सहा अंशांनी थंड होऊ शकतं. अट एकच, हवा कोरडी हवी. म्हणून नागपूर-अकोल्यात उन्हाळाभर वाळ्याचा कूलर घर राखतो आणि मुंबईत तोच कूलर अंथरूण ओलं करण्यापलीकडे काही करत नाही. विदर्भाचा माणूस कल्याणला बदलून येतो, हौसेने कूलर घेऊन येतो आणि पहिल्याच मे महिन्यात तो कूलर माळ्यावर जातो. साधेपणालाही हवामान लागतं, ही गोष्ट दिल्लीतून निघणाऱ्या याद्यांना कळत नाही.

याद्यांचा विषय निघालाच आहे, तर 'मिशन लाइफ'बद्दल. २० ऑक्टोबर २०२२ ला केवडियात सुरू झालेल्या या सरकारी मोहिमेत व्यक्तीने अंगी बाणवायच्या ७५ गोष्टी दिल्या आहेत. त्यातल्या बहुतेक योग्य आहेत. अडचण आहे ती ७५ या आकड्यात. यादी लांबली की माणूस सोप्या सोप्यावर खूण करतो, कापडी पिशवी, एलईडी, चार्जर, आणि उरलेल्या वेळात एसी लावतो. एलईडीचाच दाखला घ्या. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या 'उजाला' योजनेत ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. सरकारी खरेदीत ३१० रुपयांचा दिवा दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आला. मोठं यश. आणि मग उजेड स्वस्त झाला म्हणून इमारतींच्या कठड्यांवर, कमानींवर, झाडांच्या खोडांवर रात्रभर दिव्यांच्या माळा आल्या. इंग्लंडमध्ये विल्यम स्टॅनली जेव्हन्स याने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच लिहिलं होतं: यंत्रं काटकसरी झाली की कोळशाचा खप कमी होण्याऐवजी वाढतो.

सानेबाईंकडे परत येऊ, पण त्यांच्या स्वभावाकडे नको, त्यांच्या घराकडे. बुधवार पेठ. गावाच्या मध्यात, मंडई पायांखालची. अंगणात विहीर. वर झाडांची सावली. जुन्या वाड्यांच्या हातभर जाड भिंतींतून दिवसाची उष्णता आत यायलाच रात्र होते, तोवर बाहेरची हवा गार झालेली असते. अशा जागेत पंख्यावाचून राहण्याला निश्चय लागतो, पण तो निश्चय पाळता येतो. तोच निश्चय उपनगरातल्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर करून पाहावा. वीज गेली की नळ बंद, लिफ्ट बंद. 'मायवान' साच्यात ओतलेल्या सहा इंची भरीव काँक्रीटच्या भिंती, ज्यांतून उष्णता विटेपेक्षा भराभर आत येते; पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, तिला 'व्ह्यू' म्हणायचं; वर छज्जा नाही, कारण तो दर्शनी भागात चांगला दिसत नाही. अशा घरात सानेबाईही मे महिन्यात आठवडाभर टिकल्या नसत्या.

म्हणून साध्या राहणीवरचं सगळं प्रवचन रहिवाशाला देणं थोडं अप्रामाणिक वाटतं. त्याच्या बिलातली मोठी रक्कम ठरते ती आर्किटेक्टच्या कागदावर, चावी हातात पडण्याच्या तीन-चार वर्षं आधी. हे सरकारला माहीत नाही असंही नाही. 'इको निवास संहिता' नावाची घरांसाठीची ऊर्जासंहिता २०१८ सालीच आली. छत सोडून भिंती-खिडक्यांवाटे घरात शिरणाऱ्या उष्णतेची सरासरी दर चौरस मीटरला १५ वॉटच्या वर जाऊ नये, अशी साधी मोजता येणारी अट तिच्यात आहे. त्यासाठी परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. पोकळ वीट, हलक्या रंगाची गच्ची, खिडकीवर दोन फुटी छज्जा आणि पश्चिमेला काच कमी, एवढ्यावर बरंच काम होतं. फ्लॅटच्या माहितीपत्रकात मात्र क्लबहाऊसचा चौरस फूट असतो, जलतरण तलावाचा रंग असतो, हा आकडा नसतो.

कुठलाही दसरा घ्या. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, तेव्हा बांधकाम साइटवरच्या मांडवात दुपारपासून गर्दी असेल. पेढे, सरबत, नमुना फ्लॅटमध्ये १८ अंशांवर लावलेला एसी. लोक कार्पेट एरिया विचारतील, पार्किंग एक की दोन ते विचारतील. दरवाजा पूर्वेला आहे ना, स्वयंपाकघर आग्नेयेला येतं ना, हे होकायंत्र काढून तपासतील. विक्रीवाला मुलगाही सगळ्या दिशा घडाघडा सांगेल. एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता ऊन नेमकं कुठल्या खोलीच्या भिंतीवर येतं, हे त्याला विचारून पाहा. बहुधा तो आतल्या साहेबांना बोलावून आणेल.