वादळापूर्वीचा गार वारा आणि दमा

२१ नोव्हेंबर २०१६. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात दुपारी पारा ३५ अंशांच्या आसपास होता. संध्याकाळी पश्चिमेकडून काळे ढग आले, जोराचा गार वारा सुटला आणि पारा झपाट्याने उतरला. पाऊस फारसा पडलाच नाही. पण थोड्याच वेळात रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत धाप लागलेल्यांची रीघ लागली. पुढच्या तीस तासांत श्वसनाच्या तक्रारी घेऊन नेहमीपेक्षा तीन हजारांहून अधिक जादा रुग्ण आले. या घटनेत दहा जण दगावले.

हे कसे घडले, ते हवेच्या दाबात दडलेले आहे. मेलबर्नच्या पूर्वेला समुद्रावर जास्त दाबाचे क्षेत्र बसले की त्याच्या पश्चिम कडेने वारा उत्तरेकडून, म्हणजे तापलेल्या भूभागावरून शहराकडे येतो. वाटेत मैलोन्मैल कुरणे लागतात. तिथल्या रायग्रास नावाच्या गवताला नेमका याच दिवसांत फुलोरा असतो, त्याचे परागकण वारा सोबत आणतो. मागून पश्चिमेकडून कमी दाबाचा पट्टा आणि त्यामागची थंड हवा सरकते. थंड हवा जड, म्हणून ती उष्ण हवेखाली पाचरीसारखी घुसते आणि तिला वर उचलते. या दोन हवांच्या सीमेला हवामानशास्त्रात ‘आघाडी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतील शास्त्रज्ञांनी हा शब्द रणभूमीवरून उचलला, आणि तो चपखल आहे.

वर उचलल्या गेलेल्या हवेबरोबर परागकणही ढगात जातात. एरवी रायग्रासचा परागकण तीस मायक्रॉनहून मोठा. तो नाकातच अडकतो, शिंका येतात, डोळे चुरचुरतात, एवढेच. ओलाव्याने मात्र तो फुगून फुटतो आणि एकातून तीन मायक्रॉनहून लहान असे शेकडो कण बाहेर पडतात. ढगातून खाली कोसळणारा गार झोत हे कण जमिनीलगत पसरवतो. इतके बारीक कण थेट फुप्फुसाच्या लहान नळ्यांपर्यंत पोचतात.

त्या दिवशी आजारी पडलेल्यांपैकी अनेकांना पूर्वी दमा असल्याचे निदान झालेलेच नव्हते. बहुतेकांना फक्त गवताच्या परागकणांची अ‍ॅलर्जी होती. रुग्णांत भारतीय आणि आशियाई वंशाच्या लोकांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने बरेच जास्त आढळले. नव्या देशात गेल्यावर काही वर्षांनी तिथल्या गवताची अ‍ॅलर्जी जडू शकते. ज्यांची मुले शिकायला वा नोकरीला तिकडे आहेत, त्यांनी फोनवर “जेवलास का?” याबरोबर “वसंतात शिंका येतात का?” हेही विचारावे. उत्तर ‘हो’ असेल तर मुलाने तिथल्या डॉक्टरांना भेटायला हवे.

महाराष्ट्रात अशा आघाड्या सहसा येत नाहीत. वळवाच्या पावसाआधी धूळ उडवत येणारा गार झोत मात्र सर्वांच्या ओळखीचा आहे. तोही ढगातून कोसळलेल्या थंड हवेचाच. तो अंगावर घ्यायला लोक हौसेने गच्चीवर जातात. दम्याच्या रुग्णांनी हा मोह टाळावा. धूळही श्वासनलिकांना सोसत नाही.

मेलबर्नमध्ये २०१७ पासून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात अशा वादळी दम्याचा अंदाज दिला जातो. धोका असेल त्या दिवशी वादळापूर्वीचा वारा सुटण्याआधी घरात येऊन दारे-खिडक्या बंद करावीत, बाहेरची हवा आत ओढणारा एसी बंद ठेवावा आणि झटका थांबवणारा पंप हाताशी ठेवावा, असा सल्ला असतो. रोज घ्यायचा प्रतिबंधक पंप वेगळा. “सवय लागेल” म्हणून तो मधेच सोडणारे रुग्ण आपल्याकडे ढिगाने आहेत. अशी सवय लागत नाही. सोडल्यावर मात्र श्वासनलिकांची सूज परत येते. आणि झटक्याचा पंप घेऊनही धाप कमी होत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.